नुसतं नावच तर आहे!

सकाळचे साडेआठ. एका हातात लेकीची वेणी, दुसऱ्या हातात मोबाइल, कुकरची तिसरी शिट्टी आणि पुण्याहून एडिटर विचारतोय, ‘कॉपी कधी?’ हे सगळं जमतं हो. शेजारच्या काकू आहेत, वरण-भात आहे. अडतं ते बालवाडीच्या फॉर्मवर.

‘‘वडिलांचं नाव टाका की, नुसतं नावच तर आहे,’’ काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या.

नुसतं? आईसुद्धा मुलाची नैसर्गिक पालक असू शकते, असं सुप्रीम कोर्टाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्येच सांगितलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात तर राज्य सरकारने वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. माझी लेक चार वर्षांची, म्हणजे तिचा चान्स हुकला! २०२३ मध्ये अख्ख्या उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण हा रकाना जिथल्या तिथे. तेही ‘आई राजा उदो उदो’ म्हणत तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात!

मी रकान्यात सरळ रेघ मारली. स्कूटीवर लेकीने विचारलं, ‘‘आई, तू चित्र काढलं?’’

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलंय. कॉपी अजून बाकी आहे.