परवाना भिंतीवर, रुग्ण वाऱ्यावर

९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या या जिल्ह्याला त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु मानोरा तालुक्यातील तांड्यावर ज्याचा रक्तदाब आज वाढला आहे, त्याच्यापर्यंत येथे घडणारा डॉक्टर केव्हा पोहोचणार? आणि तोवर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर गावाच्या वेशीतच आहे. 'आयुष्मान भारत' योजनेत २०१८ पासून आरोग्य उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. आयुर्वेद वा परिचर्येची पदवी आणि वर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला हा माणूस मधुमेह, रक्तदाब तपासतो, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या पुढे चालू ठेवतो, अडले तर दूरसंवादाने सल्ला घेतो. पदनामात 'अधिकारी' आहे. नेमणूक मात्र कंत्राटी. ज्याला स्वतःच्या पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, त्याने गावाच्या आरोग्याची शाश्वती द्यावी, ही अपेक्षा न्याय्य म्हणायची काय?

औषधनिर्मात्याची कथा याहून विदारक आहे. १९४८ च्या कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यालाच दिला. २०१५ च्या नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करण्याचे कर्तव्यही सोपविले. प्रत्यक्षात अनेक दुकानांत त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते आणि गल्ल्यावर दुसराच कोणी बसलेला असतो. याच व्यवसायाला ब्रिटनने २००६ मध्ये स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार दिला, तो वेगळे प्रशिक्षण सक्तीचे करून. जानेवारी २०२४ पासून तर इंग्लंडमध्ये घसादुखी, कानदुखी यांसारख्या सात तक्रारींवर रुग्ण थेट औषधनिर्मात्याकडून उपचार घेऊ शकतो. आपण मात्र त्याला पुडी बांधणारा समजून मोकळे झालो!

यावर डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप ठरलेला आहे : अर्धशिक्षितांच्या हाती रुग्ण द्यायचा का? मर्यादित परवान्याच्या कलमाविरुद्ध ३१ जुलै २०१९ रोजी देशभर संपही झाला. रुग्णाच्या सुरक्षिततेची चिंता रास्तच आहे. पण जेथे डॉक्टर नाही तेथील जागा रिकामी राहत नाही. ती भोंदू भरून काढतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या उपचाराचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. त्या यशामागे काटेकोर प्रशिक्षण, आखून दिलेली मर्यादा आणि सततची देखरेख होती.

म्हणून मागणी सरसकट मोकळीक देण्याची नाही. कोणत्या तक्रारीवर कोणते औषध द्यायचे आणि कोणत्या लक्षणावर रुग्ण तत्काळ पुढे पाठवायचा, हे लेखी ठरवा. त्यासाठी वाढीव प्रशिक्षण व परीक्षा ठेवा. चुकीची जबाबदारी निश्चित करा. कायम पद द्या, आणि दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष उभा आहे की नाही हे तपासा.

वाशिममध्ये महाविद्यालय आले, उत्तम झाले. परंतु कळसाच्या सोहळ्यात पाया विसरला, तर दोष नशिबाचा नव्हे, राज्यकर्त्यांचा आणि गप्प बसणाऱ्या समाजाचा असेल.