कलंब नाही, कळंब

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना ‘ळ’ येत नाही. उर्दू लिपीत त्यासाठी अक्षरच नाही, तिथं सगळं काम ‘लाम’वर भागतं. म्हणून शाळा ‘शाला’ होते, फळा ‘फला’ होतो आणि ज्या गावात ही मुलं जन्मली तेही ‘कलंब’ होतं. घरात दखनी, पुस्तकात उर्दू, आणि मराठी फक्त माझ्या तासाला. उर्दूत स्कूल पुल्लिंगी, म्हणून वहीत ‘माझा शाला’. किताब स्त्रीलिंगी, म्हणून ‘माझी पुस्तक’. नपुंसकलिंग तर उर्दूत नाहीच. इतकी वर्षं मी लाल पेनानं हे खोडत आलो. मुलं मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहितात.

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या वर्गात लॅपटॉप ठेवला आणि लातूरच्या एका मराठी शाळेतल्या सातवीशी व्हिडिओ कॉल जोडला. तिथल्या बाई माझ्या बीएडच्या वर्गातल्या. खेळ साधा होता. समोरचा वर्ग कुठला ते ओळखायचं, प्रश्न असे विचारायचे की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल. ‘तुमच्या गावाला नदी आहे का?’ हो. ‘ती मांजरा का?’ हो. पाच-सहा प्रश्नांत त्यांनी ओळखलं. आमचा एक मुलगा खुशीत उठून ओरडला, ‘बराबर! कलंब!’ पलीकडून एक मुलगी म्हणाली, ‘कलंब नाही रे, कळंब. जीभ वर वळव.’ आणि तिनं तोंड कॅमेऱ्याजवळ आणून जीभ कशी वळते ते दाखवलं. आमचा सगळा वर्ग जीभ वळवत बसला. मी बीएडला शिकलेल्या कुठल्याच अध्यापन पद्धतीत हे नव्हतं.

मग आमची एक मुलगी, जी माझ्या तासाला एक वाक्य बोलत नाही, ती म्हणाली, ‘तुमच्या नळाला आमच्या धरणाचं पाणी येतं.’ मांजरा धरण आम्हाला जवळ, आणि लातूर शहर त्याचंच पाणी पितं, हे खरंच आहे. पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘मग जास्त सोडा ना!’ दोन्हीकडे हशा. माझं लक्ष मात्र तिच्या वाक्यावर होतं. ‘पाणी येतं.’ उर्दूत पाणी पुल्लिंगी आहे, तरी ती ‘येता’ म्हणाली नाही. समोर कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं, म्हणून तिनं जपून बोललं असावं.

वर्गात व्हिडिओ कॉल कशासाठी वापरावा, याचं माझं उत्तर एवढंच आहे. दुसऱ्या मुलांना भेटण्यासाठी. बार्शीच्या पलीकडे माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी तेव्हा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवर भरपूर लिहिलं. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या देशांतली मुलं त्यांनी पडद्यावर समोरासमोर बसवली. आमच्या इथल्या सीमा एवढ्या मोठ्या नाहीत. पण उर्दू शाळेतलं मूल दहावीपर्यंत एकाही मराठी शाळेतल्या मुलाशी अभ्यासाचं दोन वाक्यं बोललेलं नसतं. मग ते अकरावीला मराठी वर्गात जातं आणि मागच्या बाकावर बसतं. त्यातल्या कितीतरी मुली तिथूनच घरी परततात. मराठी येत नाही असं नसतं, तोंड उघडायची लाज वाटते.

आता दुसरी बाजू. काही महिन्यांपूर्वी एका बैठकीत सूचना आली की ज्या उर्दू शाळांत गणित-विज्ञानाचा शिक्षक नाही, तिथं एकाच ठिकाणाहून पडद्यावर तास घ्यावेत. एक शिक्षक, दहा शाळा. टेबलाभोवती बऱ्याच माना डोलल्या. मला २०२० आठवलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मी घरून ऑनलाइन तास सुरू केले. पटावर ३१, कॉलवर सात-आठ. घरात फोन एक. तो सकाळी अब्बांबरोबर गॅरेजवर किंवा हातगाड्यावर जायचा, संध्याकाळी आला की आधी भावाच्या हातात. मुलींच्या वाट्याला येईपर्यंत चार्जिंग संपलेलं. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, चांगली होती, पण मराठीत होती. पहिली-दुसरीच्या उर्दू मुलांनी ती कार्टूनसारखी पाहिली.

वर्गातला पडदा घरच्या फोनपेक्षा बरा, कारण तिथं मुलगा-मुलगी एकाच बाकावरून बघतात. पण दहा शाळांशी एकदम बोलणारा शिक्षक कुणाची वही बघणार? अपूर्णांकाची बेरीज करताना मुलानं छेदांचीही बेरीज केली, हे त्याला कुठून दिसणार? रिकामी जागा भरायला माणूसच लागतो. एकदा पडदा लावला की ती जागा कागदावर भरलेली दिसेल आणि मग कुणी भरणार नाही, ही माझी भीती आहे. मी बैठकीत तसं बोललो. ‘सर, तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहात का?’ असं विचारलं गेलं. माझ्या पिशवीत तेव्हा लातूरच्या कॉलसाठी घेतलेला स्पीकर होता.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. चित्र अडखळलं तरी चालतं, आवाज अडखळला की तास संपला. म्हणून कॅमेऱ्याआधी बरा स्पीकर आणि लांब वायरचा माईक घ्या. वर्गात पंखा बंद ठेवा, त्याची घरघर पलीकडे वादळासारखी ऐकू जाते. पहिल्या दिवशी आम्ही ४० मुलं एकदम बोललो आणि कुणालाच काही कळलं नाही. आता जो बोलणार तो माईकपाशी येतो. वीस मिनिटं पुरतात. वीज गेली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निभतं. आणि तयारी आदल्या दिवशी वहीत करून घ्या, नाहीतर हुशार दोघंच बोलतात.

एका सहकाऱ्यानं विचारलं, लातूर कशाला, कळंबमध्येच मराठी शाळा आहेत की, चालत जा. बरोबर आहे. मी दोनदा विचारून पाहिलं. एकदा परीक्षा होत्या, एकदा ‘बघू’ झालं. कॉलला परवानगीचा कागद लागत नाही, कुणाच्या भुवया वर जात नाहीत, एवढाच त्याचा फायदा. तिसऱ्यांदा विचारणार आहे.

दरम्यान लातूरच्या मुलांना मांजरा धरण बघायला यायचं आहे. त्यांच्या बाई एसटीची चौकशी करताहेत. आमच्या वर्गात डब्याला काय न्यायचं यावरून भांडण सुरू आहे, आणि ते बरंचसं मराठीत चाललंय.