कलादालनांच्या गारव्याचे गणित

पावसाळ्यात मुंबईतील एखाद्या वातानुकूलित कलादालनातून बाहेर पाऊल टाकले, की चष्म्याच्या काचांवर तत्काळ वाफ धरते. आत वीस-एकवीस अंशांचा कोरडा गारवा आणि बाहेर ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता असलेली जुलैची हवा, यांतील तफावत त्या काचांवर उमटते. ही तफावत टिकवून ठेवण्यासाठी जळणारी वीज हा कलादालनांच्या पर्यावरणीय भाराचा एक मोठा हिस्सा आहे. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

कला आणि पर्यावरण हे शब्द एकत्र आले, की बोलणे वळते ते चित्रांच्या विषयांकडे किंवा आंदोलनांकडे. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगच्या ‘सनफ्लॉवर्स’वर टोमॅटो सूप फेकले गेले, तेव्हा जगभरातील वृत्तपत्रांनी त्यावर रकाने भरले. ओलाफुर एलियासन या कलावंताने ग्रीनलँडमधील हिमखंड २०१५ मध्ये पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला आणून वितळत ठेवले, त्याचेही कौतुक झाले. हिमखंड आणण्यात किती कार्बन खर्ची पडला याचा हिशेब त्या प्रकल्पासोबत मांडला गेला, ही त्यातील खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट. कारण असा हिशेब मांडण्याची सवय बहुतेक कलादालनांना अजूनही नाही. छापील निमंत्रणपत्रिका बंद केल्या, उद्घाटनाच्या चहापानातून प्लास्टिकच्या बाटल्या हटवल्या, की आपण ‘हरित’ झालो असा समज सर्रास दिसतो.

लंडनमधील काही कलादालनचालक आणि व्यावसायिकांनी २०२० मध्ये ‘गॅलरी क्लायमेट कोअॅलिशन’ ही संस्था स्थापन केली. २०३० पर्यंत या क्षेत्राचे उत्सर्जन किमान निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. सदस्य दालनांच्या हिशेबांतून तिने पुढे आणलेले चित्र साधे आहे : कलाकृतींची विमानवाहतूक, माणसांचा विमानप्रवास आणि इमारतींना लागणारी ऊर्जा या तीन गोष्टींत बहुतांश उत्सर्जन सामावलेले असते. कागद आणि पेले त्यापुढे किरकोळ ठरतात.

यांतील ऊर्जेचा मुद्दा मुंबईसारख्या शहरासाठी विशेष महत्त्वाचा आहे. लंडन वा बर्लिनमध्ये वर्षातील बराच काळ इमारत उबदार ठेवावी लागते. येथे ती बाराही महिने थंड आणि चार महिने कोरडी ठेवावी लागते. शिवाय देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज अद्याप कोळशावर निर्माण होते. राष्ट्रीय ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम आकाराच्या दालनात वीस टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा असेल आणि टनामागे ताशी सव्वा युनिट वीज धरली, तर पूर्ण भाराने चोवीस तासांत ६०० युनिट जळतात. म्हणजे दिवसाला ४०० किलोहून अधिक उत्सर्जन. प्रत्यक्षात यंत्र सतत पूर्ण भाराने चालत नाही, हे खरे. परंतु रात्री दालन बंद असतानाही ते थांबवता येत नाही, हेही तितकेच खरे. का थांबवता येत नाही, याचे उत्तर मुंबईच्या हवामानापेक्षा युरोपच्या इतिहासात अधिक सापडते.

मोजमाप आले कोठून?

दुसऱ्या महायुद्धात नॅशनल गॅलरीतील चित्रे बॉम्बवर्षावापासून वाचवण्यासाठी वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवण्यात आली होती. खाणीत तापमान व आर्द्रता स्थिर ठेवली गेली आणि रंगाचे पोपडे सुटण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. चित्रे लंडनला परतल्यावर जुना त्रास पुन्हा सुरू झाला. स्थिर हवामान हेच चित्रांचे औषध, हा धडा त्यातून घेतला गेला. पुढे याच संस्थेतील शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांच्या १९७८ मधील ‘द म्युझियम एन्व्हायर्न्मेंट’ या ग्रंथातील आकडे जगभरच्या संग्रहालयांनी प्रमाण मानले. वीस-एकवीस अंश सेल्सिअस तापमान, ५० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि फार तर पाच टक्क्यांचा चढउतार, असे त्याचे सुटसुटीत रूप रूढ झाले. थॉमसन यांनी स्वतः मांडलेल्या मर्यादा आणि सावधगिरीच्या सूचना मागे पडल्या. आकडे तेवढे उरले आणि ते देवाणघेवाणीच्या करारांत जाऊन बसले.

समशीतोष्ण देशांत हे मोजमाप महागडे असले, तरी आवाक्यातले होते. किनारपट्टीवरील उष्ण प्रदेशात त्याचा अर्थच बदलतो. वीस अंशांना ५० टक्के आर्द्रता राखायची, तर हवेचा दवबिंदू नऊ अंशांच्या आसपास आणावा लागतो. याचा अर्थ यंत्राने हवा आधी नऊ अंशांपर्यंत थंड करून तिच्यातील पाणी काढून टाकायचे आणि मग तीच हवा पुन्हा तापवून वीस अंशांवर आणायची. एकाच हवेवर दोनदा वीज खर्च होते. हेच दालन २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेवर चालवले, तर दवबिंदू साडेसोळा-सतरा अंशांवर राहिला तरी भागते. पावसाळ्यातील मुंबईच्या हवेतून काढाव्या लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्यामुळे जवळपास एक तृतीयांशाने घटते. विरोधाभास असा, की घरगुती वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचे बंधन केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून घातले. आणि माणसांना २४ अंश पुरतात असे मानणाऱ्या त्याच देशात काही चित्रांसाठी एकविसाचा हट्ट कायम राहिला.

हा हट्ट सोडता येतो, हे संवर्धनशास्त्राने आता मान्य केले आहे. संवर्धनतज्ज्ञांच्या दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये संयुक्त घोषणापत्र काढले. जगातील मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या ‘बिझो’ गटानेही त्याच सुमारास हरित संहिता स्वीकारली आणि २०२३ मध्ये ती सुधारून पुन्हा जारी केली. बहुतांश कलाकृतींसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालेल, चोवीस तासांत दहा टक्क्यांपर्यंतचा चढउतारही सोसेल, असा तिचा गाभा आहे. अतिसंवेदनशील वस्तूंसाठी संपूर्ण दालन गोठवण्याऐवजी बंदिस्त काचपेटीत सिलिका जेल ठेवून छोटे हवामान निर्माण करावे, असाही पर्याय आहे. ही पद्धत स्वस्त आहे, परिचित आहे आणि वीज जाण्याला भीत नाही.

मर्यादा कोठे?

तथापि, यावरून ‘वातानुकूलन बंद करा’ असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की कागद, कॅनव्हास आणि सरसावर बुरशी वाढू लागते. पावसाळ्यात कपाटातील पुस्तकांना येणारा कुबट वास ओळखणाऱ्या मुंबईकराला हे निराळे सांगायला नको. जलरंगातील चित्रे, लघुचित्रे, जुनी छायाचित्रे यांच्या बाबतीत तर एका पावसाळ्यातील दुर्लक्षाची भरपाई पुढे कोणताही तज्ज्ञ पूर्णपणे करू शकत नाही. त्यामुळे येथील दालनांनी गारवा कमी करावा, पण ओल काढण्यात कसूर करू नये, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. थंड करणे आणि कोरडे करणे या दोन कामांसाठी स्वतंत्र यंत्रे असतील, तर हे साधते. बहुतेक दालनांतील साधी स्प्लिट यंत्रे मात्र दोन्ही कामे एकत्रच करतात आणि तापमान गाठले की थांबतात. मग दालन थंड आणि दमट असे चमत्कारिक होऊन बसते.

वातानुकूलनाशिवाय काय होऊ शकते, याचा मोठा प्रयोग केरळात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या बोस कृष्णम्माचारी आणि रियाज कोमू यांनी डिसेंबर २०१२ मध्ये सुरू केलेल्या कोची-मुझिरिस बिनालेने अॅस्पिनवॉल हाऊससारख्या जुन्या गोदामांनाच प्रदर्शनस्थळ केले. जाड भिंती, उंच छपरे, समुद्रावरून येणारा वारा आणि पावसाळा टाळून निवडलेले डिसेंबर ते मार्च-एप्रिलचे महिने यांवर त्याची भिस्त राहिली. नवी इमारत न बांधणे हीच त्यातील सर्वांत मोठी बचत. पण २०२२ च्या आवृत्तीत उद्घाटन ऐनवेळी पुढे ढकलावे लागले. सहभागी कलावंतांनी जाहीर पत्रात ज्या तक्रारी मांडल्या, त्यांत लांबलेल्या पावसाचा प्रदर्शनस्थळांवर झालेला परिणामही होता. ऋतूचा भरवसा धरून आखलेली योजना ऋतूच बेभरवशाचा झाला की अडचणीत येते.

अर्थात यंत्रांचा भरवसा धरणारेही निश्चिंत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसरातील वीजपुरवठा कोलमडला आणि अनेक भागांत काही तास अंधार होता. एकवीस अंशांवर काटेकोर राखलेल्या बंदिस्त दालनात अशा वेळी आर्द्रता झपाट्याने चढते आणि चित्रांना सर्वाधिक घातक असतो तो हाच अचानक बदल. बाहेरच्या हवेपासून जितके दूर जावे, तितका हा धोका वाढतो. दगडी भिंतींच्या जुन्या वास्तू हवामानातील बदल संथपणे आत येऊ देतात. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये जनतेसाठी उघडले, तेव्हा विजेचे पंखेही नव्हते, याचा विसर पडू नये.

करारातील कलम आणि विमानातील पेटी

मग दालने २५ अंशांवर का येत नाहीत? बहुतेकदा अडसर असतो तो कराराचा. कलाकृती देणारी संस्था किंवा संग्राहक हवामानाची अट घालतो, विमा कंपनी त्याच अटीचा हवाला देते आणि दालनाला एकविसाचा आलेख रोजच्या रोज जपून ठेवावा लागतो. गंमत अशी, की अट घालणाऱ्या अनेक मोठ्या संस्थांनी बिझो संहिता स्वीकारलेली असते. मुंबईतील छोट्या दालनाने हे कलम बदलून मागावे, अशी अपेक्षा ठेवणे सोपे नाही. घासाघीस करण्याइतके त्याचे वजन नसते. ही मागणी मोठ्या संग्रहालयांनी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या सरकारी संस्थांनी पुढे रेटली, तरच इतरांची वाट मोकळी होईल.

विमानवाहतुकीबाबतही हेच. एक टन वजनाच्या पेट्या मुंबईहून लंडनला विमानाने धाडल्या, तर होणारे उत्सर्जन कित्येक टनांत भरते. त्याच पेट्या जहाजाने गेल्या, तर ते एका टनाच्या एका छोट्या अंशावर येते. जहाजाला आठवडे लागतात, बंदरात कंटेनर उन्हात तापतो, आणि २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, या अडचणी खोट्या नाहीत. तरीही कलामेळाव्याच्या आदल्या आठवड्यात चित्र पूर्ण करून ते विमानात चढवण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामागे अपरिहार्यतेपेक्षा ढिसाळ नियोजनच अधिक असते.

आणलेली वस्तू किती काळ दाखवली, हाही हिशेबाचा भाग हवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिसेंबर २०२३ मध्ये उघडलेले प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची सरकारी संग्रहालये आणि लॉस एंजेलिसचे गेटी म्युझियम यांच्याकडील शिल्पांसह सुमारे दहा महिने चालले. इजिप्त आणि ग्रीसची शिल्पे पाहायला मुंबईकराने युरोपला उडण्याऐवजी शिल्पेच एकदा येथे आली आणि शाळकरी मुलांनीही ती पाहिली. पॅरिसच्या लूव्हरला २०२४ मध्ये ८७ लाख प्रेक्षक आले आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक परदेशी होते. त्यांच्या विमानप्रवासापुढे संग्रहालयाची स्वतःची वीज नगण्य ठरावी.

याच्या नेमके उलट टोक जहांगीर कलादालनात दिसते. १९५२ मध्ये उघडलेल्या या दालनात प्रदर्शन साधारण आठवडाभर असते आणि त्या एका आठवड्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षे वाट पाहतो. कोल्हापूर, नागपूर किंवा सोलापूरहून टेम्पोत, रेल्वेत चित्रे येतात. बबल रॅपच्या गुंडाळ्या सुटतात, पीव्हीसीचा फ्लेक्स लागतो आणि सात दिवसांनी फ्लेक्स कचऱ्यात जातो. राज्यात २०१८ मध्ये लागू झालेल्या प्लास्टिकबंदीने थर्माकोलच्या ताटल्यांना हात घातला, पण फ्लेक्स सुटला. लांबून येणाऱ्या गरीब चित्रकाराला पुनर्वापराची पेटी स्वतः विकत घेणे परवडणार नाही. दालनानेच काही मापांच्या पेट्या, ब्लँकेट आणि कापडी फलक भाड्याने ठेवले, तर चित्रकाराचा खर्चही वाचेल. त्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. एक कोठार आणि एक नोंदवही पुरेशी आहे.

दिव्यांचा प्रश्न त्या मानाने सुटत आलेला आहे. पन्नास वॉटच्या हॅलोजनचे काम सात-आठ वॉटचा एलईडी करतो आणि हॅलोजनची उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनावर पडणारा भारही वाचतो. कागदावरील चित्रांना तसेही ५० लक्सहून अधिक प्रकाश सोसत नाही. दुर्लक्षित राहतो तो शीतक वायू. अनेक यंत्रांत असलेला आर-४१०ए एक किलो गळला, तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. वर्षातून दोनदा वायू भरून घेणारे दालन आपल्या वीजबिलातील बचत त्या एका गळक्या नळीतून गमावत असते.

सौरऊर्जेचा सल्ला देणाऱ्यांनी दक्षिण मुंबईतील छपरे पाहिलेली नसतात. येथील कित्येक दालने जुन्या वास्तूंत भाड्याने आहेत. छप्पर त्यांच्या मालकीचे नाही आणि वारसा परिसरात इमारतीच्या बाह्यरूपात बदल करण्यास परवानगी लागते. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये ग्राहकांना युनिटमागे ठरावीक अधिभार भरून हरित वीज मागण्याची मुभा दिली. भाडेकरू दालनाला तोच मार्ग अधिक जवळचा. मात्र दर युनिटला जादा पैसे मोजायचे, तर आधी युनिट कमी करावे लागतील, आणि युनिट कमी करायचे तर करारातील त्या एकवीस अंशांच्या कलमाकडेच पुन्हा यावे लागते. पुढच्या प्रदर्शनाचा मसुदा सहीसाठी येईल, तेव्हा ते कलम वाचून त्यावर प्रश्न विचारणारा कोणी दालनाच्या कार्यालयात आहे का, हे पाहावे लागेल.