विरजण

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीनं एका टेकडीवर वृक्षारोपण केलं. बस, टी-शर्ट, फोटो... सगळं साग्रसंगीत. मार्चमध्ये सहज चढून बघितलं, तर बहुतेक रोपांच्या जागी नुसत्या काड्या. "पाणी कमी पडलं" म्हणे. पडलंही असेल. पण मला मामा आठवले.

मामा राहतात बपेऱ्याला. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेलं गाव. कलम लावताना ते खड्ड्यात जुन्या आंब्याखालची ओंजळभर माती टाकतात. का, तर "दुधाले विरजण लागते बाबू, तसं मातीलेबी लागते."

तेव्हा हसलो होतो. मग वाचत गेलो आणि हसू बंद झालं.

जमिनीवरच्या वनस्पतींच्या साधारण ७० ते ८० टक्के जातींची मुळं एका प्रकारच्या बुरशीशी भागीदारी करतात. या भागीदारीला १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव मिळालं. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळाजवळचा संपला की मूळ उपाशी. केसाहून बारीक तंतू पसरून बुरशी तो लांबून आणते, बदल्यात झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. रोकडा व्यवहार! आणि जिवंत मुळाशिवाय या बुरशीचं चक्र पूर्ण होत नाही. म्हणजे झाडं गेली, वरची माती गेली, की हळूहळू विरजणही गेलं.

मामांच्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खनिज काढताना पोटातला दगड-मुरूम वर येतो, त्याचे ढिगारे होतात. त्यात मुळात जीवच नसतो. नागपूरच्या 'नीरी'नं काही दशकांपूर्वी नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव खाणीच्या अशाच ढिगाऱ्यावर झाडं वाढवून दाखवली. त्यासाठी साखर कारखान्यातली प्रेसमड, नत्र पुरवणारे जिवाणू आणि हीच बुरशी वापरली. म्हणजे आधी माती घडवली, मग झाड.

आपण नेमकं उलटं करतो. खड्डे मोजतो, रोपं मोजतो, आकडा पेपरात देतो. तिसऱ्या वर्षी किती जगली, हे कोण मोजतं?

बाजारात मायकोरायझाची पाकिटं मिळतात, पण ती म्हणजे जादू नव्हे. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मुरमात पाकीट ओतून काय होणार? आणि विरजण हवं म्हणून जंगलातली माती ट्रकनं उपसायचीही गरज नाही. जवळच्याच निरोगी झाडाखालची ओंजळभर पुरते, आणि सोबत शेणखत, पालापाचोळा.

माझं म्हणणं एवढंच, की यंदा रोपं निम्मी लावू, पण माती तयार करून लावू. आणि तीन वर्षं मोजू.

तसा मेल एचआरला टाकलाय. उत्तर अजून नाही. टी-शर्टचा साइज मात्र विचारलाय.

असो.