तलाव बांधणारे आणि तलाव राखणारे

सिंदखेडराजास सहल जावयाची ठरली म्हणजे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि जिजाऊंचे जन्मस्थान पाहिल्यावाचून कोणी परतत नाही, व परतूही नये. परंतु त्याच गावच्या मोती तलावाकडे मंडळी वळतात ती बहुधा शिदोरी सोडण्यापुरती. पुढे वहीत निबंध उतरतो, त्यात वाड्यास दोन पाने आणि तलावास एक ओळ मिळते. हे प्रमाण आम्हांस रुचत नाही.

आपला जिल्हा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पाठीवर वसलेला आहे. घाटाखाली पडलेला पाऊस नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस व तेथून पश्चिम समुद्रास जातो. घाटावरचा पाऊस पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या वाटेने अखेर गोदावरीस मिळतो आणि पूर्व समुद्र गाठतो. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांस वाटले जाते. मात्र घरच्या माणसांस वैशाखात घागरीमागे कोसभर चालावे लागते! जाधवरावांच्या काळच्या लोकांनी हे पुरते ओळखले होते. म्हणून त्यांनी मोती तलाव बांधला, चांदणी तलाव बांधला, पुतळा बारव खोदली. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा. लखुजीरावांचा देवगिरीच्या किल्ल्यात घात झाला तो १६२९ साली, आणि लगेच पुढल्या वर्षी दख्खनेत दारुण दुष्काळ पडला. अशा मुलखात तलाव ही शोभेची वस्तू नव्हे. मोती तलावाच्या बांधाची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी देखणी आहे खरी. पण तो तट अडवीत होता तो शत्रू नव्हता, वाहून जाणारे पाणी होते, आणि अडवावयाचे ते शेतीसाठी.

बांधाच्या विद्येविषयी विद्यार्थ्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो, तो असा की तलाव जितका लांबरुंद, तितका बांधावर भार अधिक. तसे नाही. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढतो. पसाऱ्याशी त्याचा संबंध नाही. दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरास सुमारे दहा टनांचा रेटा बसतो, मग मागे पाणी शंभर हात पसरलेले असो वा दोन कोस. म्हणूनच बांध पायथ्याशी रुंद व माथ्याशी अरुंद ठेवतात. मातीच्या धरणात पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, कारण ती पाणी झिरपू देत नाही. दोहों अंगांस मुरुमाचे कवच असते, कारण एकटी काळी माती भिजली की घसरते आणि वाळली की भेगाळते. पाण्याकडील अंगास लाटांचा मार सोसण्यासाठी दगड बसवितात. या सर्वांहून महत्त्वाचा तो सांडवा. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की काही घटकांतच तो कापला जातो. तेव्हा जादा पाण्यास बाजूने वाट हवीच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला, तोही मातीच्याच धरणाचा, काम अपुरे असताना.

बांधणारा आपले नाव मागे ठेवून जातो. राखणाऱ्याचे नाव कोणी लिहीत नाही. सांडव्याच्या तोंडाशी वाढलेले झुडूप तोडणे, बांधावर रुजलेले झाड लहानपणीच उपटणे, खेकड्याउंदरांची बिळे बुजविणे, ही कामे करणारा कोण होता ते कोणत्या बखरीत शोधावे? आणि सर्वांत मोठे काम गाळाचे. वरच्या शेतांचे बांध आपण नांगराखाली घातले, उताराने आडवे पेरावयाचे ते उभे पेरले, की पहिल्या पावसात माती निघते व तलावात येऊन बसते. शेताचा कस गेला आणि तलावाची खोलीही गेली. आमच्या वाचकांपैकी अनेक पालक शेतकरी आहेत. त्यांस हे कटू वाटले तरी सांगणे भाग आहे.

गाळ काढण्याचे यत्न अलीकडे झाले नाहीत असे नव्हे. २०१७ साली सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. महामार्गाच्या भरावास लागणारी माती तलाव व नाल्यांतून उचलण्याची जी युक्ती झाली, ती तर बुलढाणा पॅटर्न या नावानेच गाजली. आम्ही या कामांचे स्वागतच करतो. पण एक भीती वाटते. शेतकऱ्यास हवा असतो गाळ, रस्त्याच्या ठेकेदारास हवा असतो मुरूम. सिंचनाच्या तलावात गाळ संपून मुरूम लागला की यंत्र थांबले पाहिजे. तळाचा चिकण थर फोडला तर पाणी खाली निघून जाते. विहिरींस ते मिळेल, हे कबूल, व पाझर तलावास तेच हवे असते. परंतु कालव्याचा तलाव मार्गशीर्षातच रिता होईल. तसेच बांधाच्या पायथ्यालगत खोदणे म्हणजे भिंतीखालचा पायाच काढणे होय. यंत्र चालविणाऱ्यास हे कोण सांगणार? ज्या गावास आपल्या तलावाची माहितीच नाही, ते गाव काय सांगणार?

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाने वडिलांबरोबर आपल्या गावच्या तलावावर जावे. एकट्याने जाऊ नये. उन्हाळ्यात तळ उघडा व कोरडा पडला की एका जागी गाळ खणून मूळ जमीन किती हातांवर लागते ते मोजावे, खड्डा पुन्हा बुजवावा, आणि साल घालून वहीत लिहावे. सांडव्याच्या तोंडाशी काय वाढले आहे, कोणी काय बांधले आहे, हेही लिहावे. पुढल्या वर्षी पुन्हा तीच जागा. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा या वह्या भूगोलाच्या तासास आणाव्यात. वाड्याच्या निबंधाइतकेच गुण त्यांस देण्यास आम्ही तयार आहोत.