पेरीरिज शाखा, मु. पो. नारायणगाव

मंडळी, या वीकएंडला जरा भांडण काढायचं आहे. विषय आहे 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स'. सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं पुस्तक. सगळे त्याला नुसतं 'कॉर्थ' म्हणतात आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते उशाला घ्यायलाच जास्त वापरलंय :-)

जुन्नर-आंबेगावकडची बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरची मुलं भेटली की मी हमखास विचारतो, "कॉर्थ कसं वाटलं?" उत्तरं ठरलेली असतात. "लय जाड आहे, सर." "इंग्लिश डोक्यावरून जातं." "परीक्षेला गाईड पुरतं." आणि हल्लीचं नवीन उत्तर म्हणजे, "टेबलं तर एआय बनवून देतो."

यावर आपल्या हिंजवडी-खराडीतल्या मंडळींचं उत्तरही ठरलेलं: आळशी आहेत, वाचायला नको. थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या घडाघडा म्हणणारा मुलगा इंटरव्ह्यूत दोन टेबलांचं डिझाइन मांडताना अडखळला, की आपण एकमेकांकडे बघून हसतो. माझं भांडण या हसण्याशी आहे.

आधी मुलांच्या तक्रारी बघू. जाडीची तक्रार मला मान्य नाही. पुस्तक हजारावर पानांचं आहे खरं, पण डिझाइनसाठी लागणारे धडे मोजून तीन-चार. ज्या पेपरमधून हे सगळं सुरू झालं, तो एडगर कॉडचा १९७० सालचा पेपर तर जेमतेम ११ पानांचा आहे! आणि 'गाईड पुरतं' हे मत पुस्तकाबद्दल नाहीच, ते प्रश्नपत्रिकेबद्दल आहे. 'व्याख्या लिहा, ५ मार्क' असं विचारलं तर गाईडच पुरणार. त्यात पोराचं काय चुकलं?

खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती मुलांना नीट शब्दांत मांडता येत नाही. पुस्तक परकं आहे. कॉर्थच्या जुन्या आवृत्त्यांत एक बँक असायची, तिच्या शाखा डाउनटाउन, पेरीरिज, ब्रायटन, रेडवुड. सहाव्या आवृत्तीपासून (२०१०) तिच्या जागी युनिव्हर्सिटी आली, तीही अमेरिकन थाटाची. एल्मासरी-नवाथे उघडलं तर ह्यूस्टनची कंपनी आणि जॉन स्मिथ. सी. जे. डेट यांच्याकडे लंडन-पॅरिसचे सप्लायर नट-बोल्ट विकतात. गंमत बघा, या लेखकांपैकी सुदर्शन आपल्या मुंबई आयआयटीत शिकवतात. नवाथे हे आडनाव तर सांगायलाच नको. तरी उदाहरण तिकडचंच!

तुम्ही म्हणाल, "त्यानं काय बिघडतं? आम्हीही पेरीरिजवरच शिकलो." बिघडतं. डेटाबेस डिझाइनमध्ये 'कशावरून काय ठरतं' हे आधी ओळखायचं असतं, त्यालाच फंक्शनल डिपेंडन्सी म्हणतात. ती टेबलातल्या ओळींकडे टक लावून दिसत नाही, तो व्यवहार माहीत असावा लागतो. पेरीरिजची बँक कशी चालते हे जुन्नरच्या पोरानं कुठून ओळखायचं? मग तो पाठ करतो. तुम्हीआम्हीही बहुतेक पाठच केलं होतं.

आता याच पोराला सातबारा दाखवा. एका गटाला अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. पुस्तकातलं मेनी-टू-मेनी ते हेच. मग विचारा, प्रत्येकाच्या नावापुढचं क्षेत्र कुठल्या टेबलात टाकशील? खातेदाराच्या की गटाच्या? भावकीत वाटणी बघितलेला मुलगा पटकन सांगेल, दोन्हीत नाही, ते त्या दोघांच्या नात्याचं आहे. झालं तिसरं टेबल! नमुना ७ गटानुसार आणि ८अ खातेदारानुसार, म्हणजे त्याच माहितीचे दोन व्ह्यू. नमुना ६ म्हणजे फेरफार, हा झाला ट्रान्झॅक्शन लॉग. मंडल अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याशिवाय फेरफार पक्का होत नाही, हे कमिट. हा शब्द त्याला नवा असेल, पण त्यापायी वडिलांनी मारलेले हेलपाटे त्याला चांगले ठाऊक असतात.

तेच नारायणगावच्या टोमॅटो मार्केटचं. पट्टीचं एकच लांबलचक टेबल करा: तारीख, शेतकरी, गाव, मोबाइल, क्रेट, भाव, हमाली. शेतकऱ्याचा मोबाइल बदलला की शंभर ओळी दुरुस्त करा. माल आणेपर्यंत नव्या शेतकऱ्याची नोंदच करता येत नाही. आणि जुन्या पट्ट्या पुसल्या की माणूसच गायब! अपडेट, इन्सर्ट आणि डिलीट या तिन्ही अॅनॉमली एका क्रेटमध्ये.

हे नुसतं मार्कांपुरतं नाही, मंडळी. २०१७ ची शेतकरी कर्जमाफी आठवा. बँकांकडून आलेल्या माहितीत एकाच आधार नंबरावर अनेक शेतकरी निघाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. माणसागणिक वेगळा असायला हवा तो नंबर वेगळा आहे का, हा प्रश्न पहिल्या धड्यातला. तो वेळेवर विचारला नाही की खऱ्या माणसाचे पैसे अडकतात. आणि उद्या तालुक्यातल्या पतसंस्थेचं, दूध डेअरीचं, बाजार समितीचं सॉफ्टवेअर कोण लिहिणार? हीच मुलं. इंटरव्ह्यूत आपण ज्यांना हसलो ती.

राहता राहिला एआय. तो टेबलं बनवून देतो, छानच देतो. पण एकाच गावात एकाच नावाचे तीन खातेदार असतात, आणि एकच माणूस एका कागदावर 'बाळू' तर दुसऱ्यावर 'बाळासाहेब' असतो, हे त्याला सांगावं लागतं. ते सांगायला जुन्नरच्या मुलाइतकं लायक कोण आहे?

म्हणून कॉर्थ फेकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. पुस्तक उत्तमच आहे. त्याचं मराठी भाषांतरही नको. 'संबंधात्मक आधारसामग्री' वगैरे वाचण्यापेक्षा इंग्लिश परवडलं! टेबलाला टेबल म्हणा आणि की ला की. हवी आहे ती पन्नास-साठ पानांची सोबतीची वही, ज्यात धडे कॉर्थचे आणि उदाहरणं सातबारा, पट्टी, पतसंस्था, डिंभ्याच्या कालव्याचं आवर्तन अशी असतील. ती वाचून पोरगं कॉर्थकडे वळलं तर ते जाड वाटणार नाही.

आणि प्राध्यापक मंडळींना एकच विनंती, पुढच्या पेपरात व्याख्या विचारण्याऐवजी एक सातबारा छापा आणि त्याची टेबलं करायला सांगा. बघा गाईड पुरतं का!

वहीचा पहिला धडा मी लिहायला घेतोय, सातबाऱ्याचा. पट्टीचा कोण घेतंय? इंटरव्ह्यूत हसणाऱ्यांना पहिला मान.