कापूस कुठं गेला?

दर ६ डिसेंबरला आपण भुसावळ-जळगावहून गाड्या भरून दादरला उतरतो. धुळ्याची पोरं एस.टी.नं येतात. चैत्यभूमीची रांग, शिवाजी पार्कात पुस्तकं, जमलं तर गेटवेपुढं फोटो, आणि रातच्या गाडीनं परत. मुंबईचा समुद्र बघितला म्हणतो. बघितला तो हवा खायचा समुद्र. कामाचा समुद्र शहराच्या पूर्व अंगाला आहे, भिंतीआड. आम्ही चार जण यावेळी एक दिवस जास्त थांबलो आणि तिकडं गेलो. तिकडं आपली जुनी उधारी आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली. गुलामांच्या हातचा कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा साहेबाला खानदेश आठवला. भाव कडाडले. आधी आग्रा रोडनं बैलगाड्या, मग आगगाडीतून गाठी, सगळं मुंबईच्या बंदराकडं. शेठ लोकांनी त्या पैशावर सट्टा केला, समुद्र बुजवला. वेचणाऱ्या बाईच्या पदरात काय पडलं, ते कुठल्या वहीत नाही. पुढं १८७३ ला पोर्ट ट्रस्ट, १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक. पोर्ट ट्रस्ट निघाला त्याच १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. शेठना कापूस दिसला, जोतीरावांना गुलाम दिसला.

ससून डॉकवर आता मासळी आहे. पहाटे गेलात तर ओल्या फरशीवर कोळंबी सोलत बसलेल्या बाया दिसतील. बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारती देखण्या आहेत, खोटं कशाला बोला. मुंबईच्याच बंदरातून ४ ऑक्टोबर १९३० ला बाबासाहेब ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ बोटीनं गोलमेजला निघाले. आज बॅलार्ड पिअरला मोठं क्रूझ टर्मिनल झालंय. पुढं एका गेटवर वॉचमननं आम्हाला हटकलं. कुठून आले? जळगावहून. काय काम? काही नाही, बघायला आलो. ‘इथं काय आहे बघायला?’ माणूस निघाला पारोळ्याचा. मग अहिराणीत बोलला, चहा पाजला.

व्हिक्टोरिया डॉक मात्र बघता येत नाही. भराव घालून बुजवलाय. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांचा वाढदिवस, त्या दिवशी इथं ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. पोटात दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. गाठींना आग लागली, दुपारी चारच्या सुमारास स्फोट झाला, मांडवीपर्यंत वस्त्या पेटल्या. आगीशी लढताना मेलेल्या बंबवाल्यांसाठी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात, ते योग्यच. पण सोन्याच्या विटा पुढं कित्येक वर्षं गाळातून शोधून काढल्या, मोजल्या. माणसं मात्र कोणी आठशे म्हणतं, कोणी तेराशे. हमालाचं नाव कोण लिहून ठेवणार?

हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. कापसाचा बाजार कुलाब्यातून उचलून इथं आणला, त्याचं हे नाव. याच कापसावर गिरण्या चालल्या. तिथल्या विणायच्या खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे. थुंकी बाटवील! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढं टाकला. शेतात आमचा हात चालला, गोदीत पाठ चालली. तोंड तेवढं चाललं नाही.

१९८९ ला न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर आले, पाठीचं काम आटलं. आता पोर्टच्या जमिनीचे नवे नकाशे निघताहेत, आणि दारूखान्यापासून शिवडीपर्यंत पिढ्यान् पिढ्या राहिलेली माणसं नकाशात कुठं बसतात, ते विचारतायत. आपल्याला हे नवं नाही. जळगावात खानदेश मिलच्या जागेवर मॉल झाला तेव्हा आपण काय विचारलं? आम्हीही विचारलं नाही. आत जाऊन आईस्क्रीम खाल्लं.

पुढच्या ६ डिसेंबरला एक दिवस जास्त काढा. भाकरी बांधून घ्या, हार्बरचं तिकीट काढा, कॉटन ग्रीनला उतरा आणि तिथून शिवडीपर्यंत पायी जा. शिवडीला अटल सेतू सुरू होतो, २०२४ ला खुला झाला. त्यावर मोटारसायकलला बंदी, रिक्षालाही. खालच्या चिखलात उभं राहून बघायला अजून पैसे पडत नाहीत.